युद्धाला नकार देऊन मनोरुग्णांच्या वॉर्डात गेलेली माणसं

गव्हाळ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

मी कॅन्ससमध्ये न्यूटन गावाजवळ राहतो. चहूकडे नुसता गहू. १८७४ च्या सुमारास रशियातून, म्हणजे आजच्या युक्रेनच्या भागातून, मेनोनाइट कुटुंबं इथे आली आणि त्यांनी येताना गव्हाचं बियाणं आणलं. आमच्या शेजारच्या आजी त्याच समाजातल्या. ज्यांना हे नाव नवं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सोळाव्या शतकात मेनो सायमन्स नावाचा एक डच धर्मगुरू १५३६ साली कॅथलिक चर्चमधून बाहेर पडला, त्याच्यावरून हे नाव आलं. बाप्तिस्मा घ्यायचा तो जाणत्या वयात, आपल्या मर्जीने. आणि शस्त्र हातात धरायचं नाही. 'एका गालावर मारली तर दुसरा पुढे कर' हे वाक्य ही मंडळी अक्षरशः पाळायची गोष्ट मानतात. त्यापायी प्रशिया, रशिया, अमेरिका अशी पिढ्यान्पिढ्या वणवण केली.

गेल्या महिन्यात आजींनी एक फोटो दाखवला. पांढरी पँट, पांढरा शर्ट, विशीतला रापलेला शेतकरी पोरगा आणि कमरेला मुठीएवढा किल्ल्यांचा जुडगा. त्यांचे बाबा. मी विचारलं, "नौदलात होते का?" आजी म्हणाल्या, "नाही रे, सैन्यात जाणार नाही म्हणाले म्हणून तिथे होते." 'तिथे' म्हणजे मिशिगनमधल्या इप्सिलँटीच्या सरकारी मनोरुग्णालयात.

मग मी वाचत सुटलो. अमेरिकेने १९४० च्या सप्टेंबरात सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा केला. ज्यांचा धर्म युद्धाच्या आड येतो त्यांच्यासाठी त्यात एक वाट ठेवली होती: लष्कराऐवजी नागरी देखरेखीखाली देशोपयोगी काम. त्यासाठी 'सिव्हिलियन पब्लिक सर्व्हिस' नावाची योजना निघाली. १९४१ ते १९४७ या काळात सुमारे १२ हजार तरुण तिच्यात होते, त्यात साडेचार हजारांवर मेनोनाइट. बाकीच्यांत क्वेकर आणि ब्रेदरन पंथाची मुलं बरीच. आधी त्यांना जंगलात, मातीचे बांध घालायला पाठवलं. पगार नाही. राहण्या-जेवणाचा खर्चही चर्चने आणि घरच्यांनी उचलायचा.

१९४२ पासून मनोरुग्णालयांतून मागणी यायला लागली, कारण तिथले परिचर एक तर सैन्यात गेले होते नाहीतर चांगल्या पगाराच्या युद्धसाहित्याच्या कारखान्यांत. अशी सुमारे तीन हजार मुलं चाळीसेक मनोरुग्णालयांत गेली. त्यांतली जवळपास निम्मी मेनोनाइट सेंट्रल कमिटीच्या तुकड्यांमधली. १२-१२ तासांची पाळी, एका माणसावर शंभर-शंभर रुग्ण. राहणं, जेवण आणि महिन्याला १५ डॉलरच्या आसपास हातखर्च.

आजी सांगतात, बाबांनी घरात कधी दार आपटलं नाही. किल्ली फिरवताना दुसऱ्या हाताने कुलूप धरायचे, आवाज होऊ नये म्हणून. वॉर्डात किल्ली वाजली की आतली माणसं भिंतीकडे सरकायची, कारण आधीच्या परिचरांच्या किल्लीपाठोपाठ मार यायचा. ती सवय त्यांना मरेपर्यंत राहिली.

माझा प्रश्न असा. लढायला नकार द्यायचा आणि सरकार सांगेल ते दुसरं काम मुकाट करायचं, याला विरोध म्हणायचं का? आणि या पोरांनी त्या वॉर्डांमध्ये खरोखर काही बदललं का? माझं मत: हो, बदललं. पण मला तुमचं ऐकायचंय.

टिचकी

पहिलाच धागा आणि इतका सुंदर! वाचनखूण साठवली. सविस्तर प्रतिसाद रात्री देते.

शिसपेन्सिल

चांगला विषय. मागचा इतिहास थोडा जोडतो, त्याशिवाय १९४० चा कायदा असा का झाला ते कळत नाही.

पहिल्या महायुद्धात अशी वाट नव्हती. नकार देणाऱ्यांना आधी लष्करी छावणीत न्यायचे आणि मग तिथे त्यांचं काय करायचं ते अधिकारी ठरवायचे. गणवेश घालायला नकार दिला म्हणून मुलांना मारहाण झाली, कोंडून ठेवलं गेलं. मेनोनाइटांचे चुलतभाऊ म्हणावेत असे हटराइट. त्यांच्यातल्या चौघांना आधी अल्काट्राझ आणि मग लेव्हनवर्थच्या तुरुंगात टाकलं. त्यांतले जोसेफ आणि मायकेल हॉफर हे दोघे सख्खे भाऊ १९१८ च्या अखेरीस तिथेच गेले. ज्या गणवेशाला जिवंतपणी हात लावला नाही, तोच मेल्यावर जोसेफच्या अंगावर चढवलेला होता. लेव्हनवर्थ तुमच्याच कॅन्ससमध्ये आहे, गव्हाळ.

हे पुन्हा होऊ नये म्हणून मेनोनाइट, क्वेकर आणि ब्रेदरन या तीन जुन्या शांततावादी पंथांनी दुसऱ्या युद्धाआधीच सरकारशी बोलणी सुरू केली. म्हणजे ही योजना फुकटात मिळालेली नव्हती.

आणि एक गोष्ट, जी या समाजाची स्तुती करताना बरेच जण गाळतात. दुसऱ्या महायुद्धात भरतीचं बोलावणं आलेल्या मेनोनाइटांपैकी ४६ टक्के या नागरी सेवेत गेले. जवळजवळ ४० टक्के सरळ सैन्यात गेले आणि उरलेले सैन्यातच, पण बिनशस्त्र कामावर. म्हणजे एकाच घरातला एक भाऊ युरोपात लढतोय आणि दुसरा वॉर्डात फरशी पुसतोय, असं खूप ठिकाणी झालं असणार. जर्मनीतल्या मेनोनाइटांनी तर तोवर हे तत्त्वच सोडून दिलं होतं.

सुभेदाराची_नात

धागा आवडला, पण माझं मत वेगळं आहे आणि ते मनापासून मांडते.

आम्ही साताऱ्याकडचे. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत. माझे आजोबा मराठा पलटणीतून इटलीत लढले. १९४४ च्या जुलैत टायबरच्या खोऱ्यात यशवंत घाडगे यांनी एकट्याने मशीनगनचं ठाणं घेतलं आणि तिथेच पडले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आजोबा त्यांचं नाव काढलं की उठून उभे राहायचे. आजोबांच्या मांडीत छर्रे शेवटपर्यंत होते. थंडी पडली की ते मांडी दाबत बसायचे.

समोर हिटलर होता. सगळ्यांनीच नाही म्हटलं असतं तर? एकाने नाही म्हटलं की त्याच्या जागी दुसऱ्याचा मुलगा जातो. ती मुलं भित्री होती असं मी म्हणणार नाही. पण त्यांचे हात स्वच्छ राहिले ते दुसऱ्या कुणीतरी हात माखून घेतले म्हणून, हे विसरता येत नाही.

गव्हाळ

@सुभेदाराची_नात, तुमच्या आजोबांना नमस्कार. हा प्रश्न मीही आजींना विचारला होता. त्या म्हणाल्या की त्यांच्या बाबांना तो रोज विचारला जायचा, वॉर्डातले जुने परिचर विचारायचे, गावातला न्हावी विचारायचा. काही गावांत त्यांचे केस कापायलाही नकार मिळे. बाबांकडे त्यावर उत्तर नव्हतं. "मी कुणाला मारू शकत नाही, एवढंच मला कळतं," इतकंच म्हणायचे.

एक गोष्ट मात्र खरी. या मुलांतल्या अनेकांना परदेशात जाऊन युद्धात होरपळलेल्या लोकांची मदत करायची होती. १९४३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने त्यांना देशाबाहेर पाठवायलाच बंदी घातली. म्हणजे धोक्यापासून लांब राहणं ही सर्वांची निवड नव्हती.

मीठभाकर

भित्रेपणाचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये उपासमारीचा प्रयोग केला, त्यातले ३६ जण याच योजनेतले होते, सगळे स्वेच्छेने आलेले. सहा महिने बटाटे, सलगम, पाव आणि मॅकरोनी, तेही अर्धपोटी. वजन पावपट उतरलं. युद्धानंतर युरोपातल्या उपाशी माणसांना पुन्हा खायला कसं घालायचं हे शिकण्यासाठी. इतर काहींनी कावीळ आणि हिवतापाच्या प्रयोगांसाठी शरीर दिलं.

मी पोषणशास्त्राचा विद्यार्थी. तो अहवाल आजही आमच्या अभ्यासात येतो. पण ही माणसं कोण होती, हे मला वर्गात कुणी सांगितलं नव्हतं. आज कळलं. धन्यवाद.

टिचकी

@मीठभाकर, या आयडीने उपासमारीवर लिहावं आणि मी साबुदाणा खिचडीचं ताट घेऊन वाचावं! ताट बाजूला ठेवलं खरं.

पवनारकर

तारखा जुळवून बघा. अमेरिकेत त्या कायद्याखाली पहिली नावनोंदणी झाली १६ ऑक्टोबर १९४० ला. दुसऱ्याच दिवशी, १७ ऑक्टोबरला, वर्ध्याजवळ पवनारला विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांना निवडलं होतं. म्हणणं असं, की इंग्रजांच्या युद्धाला माणसं किंवा पैसा देणं चूक आहे, सर्वच युद्धांचा प्रतिकार अहिंसेने करायचा. काही दिवसांतच अटक झाली. मी पवनारचाच, धाम नदीच्या काठचा, म्हणून ही तारीख तोंडपाठ.

आता गव्हाळ यांच्या मूळ प्रश्नाकडे. विनोबा तुरुंगात गेले. सरकारने 'लढू नका, पण आमच्या अमुक इस्पितळात काम करा' म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं का? मला नाही वाटत. अमेरिकेतही सुमारे सहा हजार नकार देणारे तुरुंगात गेले, त्यांत बहुतेक यहोवा विटनेस पंथाचे. नागरी सेवेतलेही काही जण मध्येच छावणी सोडून निघाले. त्यांचं म्हणणं, पगार न देता राबवून घेणं म्हणजे वेठबिगार आणि ती स्वीकारणं म्हणजे त्याच युद्धयंत्राचं एक चाक फिरवणं.

मी त्या सहा हजारांच्या बाजूचा. मेनोनाइट मुलांची नियत साफ होती, पण नकार अर्धा राहिला.

शिसपेन्सिल

@पवनारकर, तारखांची सांगड छान. पण निष्कर्ष पटला नाही. विनोबांना राज्य बदलायचं होतं. मेनोनाइटांना ते कधीच नको होतं. राजाने एक कोस चालायला लावलं तर दोन कोस चाल, ही त्यांची शिकवण. ते स्वतःला शांततावादी म्हणवून घ्यायलाही बिचकायचे, 'प्रतिकार न करणारे' म्हणायचे. तुम्ही त्यांना सत्याग्रहाच्या काट्यावर तोलताय. तो काटा क्वेकरांना लागू पडेल, यांना नाही.

पवनारकर

हे मान्य. प्रतिकार न करणारे आणि प्रतिकार करणारे यांत मी गल्लत केली. पण मग 'बदललं का?' या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या बाजूने देणं आणखी अवघड नाही का? बदलायचं ठरवलंच नव्हतं, तर बदललं कसं?

मनोमन

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, थोडं वैद्यकीय बाजूने लिहितो.

१९४२ चा वॉर्ड डोळ्यांसमोर आणायचा तर आधी एक गोष्ट लक्षात घ्या: औषध नव्हतं. क्लोरप्रोमाझिन पॅरिसमध्ये १९५२ ला वापरात आलं, अमेरिकेत १९५४ ला. त्याआधी भूल न देता विजेचे झटके, इन्सुलिन देऊन आणलेली बेशुद्धी, ओल्या थंड चादरीत घट्ट गुंडाळून ठेवणं, लोबोटॉमी म्हणजे मेंदूचा काही भाग कापण्याची शस्त्रक्रिया, आणि हात मागे बांधणारे जाड कापडी अंगरखे. डॉक्टर हजारभर रुग्णांमागे मोजके. रुग्णाचा सगळा दिवस परिचराच्या हातात. जेवण, अंघोळ, शी-शू, मार, माया, सगळं. म्हणून परिचर बदलला की रुग्णाचं जग बदलायचं, डॉक्टर कोण आहे याने फार फरक पडायचा नाही.

फिलाडेल्फियाच्या बायबेरी इस्पितळात क्वेकरांची तुकडी होती. तिथल्या चार्ली लॉर्ड या तरुणाने कॅमेरा लपवून नेला आणि फोटो काढले. उघडीनागडी माणसं ओल्या फरशीवर भिंतीला टेकून बसलेली, शेकडोंनी. ते फोटो ६ मे १९४६ च्या लाइफ मासिकात आले आणि देश हादरला. या लेखामागे देशभरच्या वॉर्डांतून या मुलांनी पाठवलेले अहवाल होते. बायबेरीतल्याच चौघांनी परिचरांसाठी मासिक काढलं, त्यातून पुढे राष्ट्रीय संस्था उभी राहिली. १९४६ च्याच जुलैत ट्रूमन यांनी राष्ट्रीय मानसिक आरोग्य कायद्यावर सही केली. त्या कायद्याची आणखीही कारणं होती, युद्धात मन मोडलेले सैनिक हे मोठं कारण. तरीही लाइफचे फोटो त्या वर्षीच्या हवेत होते.

आणि आपल्याकडे? त्याच १९४६ मध्ये देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल आला. त्यासाठी रांचीच्या कर्नल मूर टेलर यांनी देशातल्या मनोरुग्णालयांची पाहणी केली. ४० कोटींच्या देशात जेमतेम १० हजार खाटा, आणि बहुतेक ठिकाणी उपचारापेक्षा कोंडून ठेवण्यावर भर. ठाण्याचं इस्पितळ १९०१ चं, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीही जुनीच. पण आपल्याकडे फोटो कुणी काढले नाहीत. अहवाल कपाटात राहिला. १९१२ चा 'ल्यूनसी' कायदा बदलायला १९८७ उजाडलं.

महानदी

मध्येच थोडं अवांतर. आम्ही रायपूरचे मराठी, चार पिढ्या तिथेच. मेनोनाइट हे नाव मला लहानपणापासून माहीत आहे, कारण धमतरीचं ख्रिश्चन हॉस्पिटल. १८९६-९७ च्या दुष्काळानंतर, १८९९ मध्ये अमेरिकी मेनोनाइट मिशन धमतरीला आलं. तेव्हा तो सगळा मुलूख मध्य प्रांतात, राजधानी नागपूर. म्हणजे त्यांचा सरकारी पत्रव्यवहार नागपूरशीच चालत असणार. चांपाला त्यांच्याच दुसऱ्या शाखेचं कुष्ठरोग्यांचं इस्पितळ. माझ्या आत्याचं बाळंतपण धमतरीला झालं. 'मिशनवाले ओरडत नाहीत' ही तिची त्यांच्याबद्दलची एकमेव आठवण. किल्लीची गोष्ट वाचली आणि आत्याच आठवली.

रात्रपाळी

मी इथे फार लिहीत नाही. पण हा धागा माझाच आहे असं वाटलं.

राज्यातल्या एका मनोरुग्णालयात मी तीस वर्षं सिस्टर होते. नाव सांगणार नाही. आधी एक विनंती, गव्हाळदादा. धाग्याच्या शीर्षकात तुम्ही 'वेड्यांचं इस्पितळ' लिहिलंय. जुना शब्द आहे, तुमच्या मनात वाईट नाही हे दिसतंय. पण तो शब्द ऐकून घरची माणसं न्यायला यायची थांबतात. बदलाल का?

आता सांगते. मी रुजू झाले तेव्हा बायकांच्या वॉर्डात साठ जणी होत्या, रात्री एक सिस्टर आणि एक मावशी. मावशी माझ्या आईच्या वयाच्या. पहिल्याच रात्री त्यांनी जुडगा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "पोरी, ह्या कमरेला नाय लटकवायच्या. वाजतात. बायका जाग्या होतात आन् भेतात." त्या स्वतः पदराच्या टोकाला किल्ल्या गाठ मारून बांधायच्या आणि ते टोक कमरेला खोचायच्या. मी गणवेशात, मला पदर नाही. मग मी रुमालात गुंडाळून खिशात ठेवायला लागले. निवृत्त होईपर्यंत तसंच.

गव्हाळदादांच्या आजींचे वडील आणि आमच्या मावशी, दोघांना एकमेकांचं नावही माहीत असायचं कारण नाही. किल्लीचं मात्र दोघांनाही कळलं होतं. मी हे वाचून दहा मिनिटं नुसती बसून राहिले.

मारहाण होती. माझ्या सुरुवातीच्या काळात होती. मारणारी माणसं राक्षस नव्हती. सोळा तास उभं राहिलेलं माणूस, अंगावर धावून येणारी बाई, मदतीला कुणी नाही. अशा वेळी हात उठतो. माझाही एकदा उठला. एका बाईने माझ्या दंडाचा चावा घेतला, मी तिच्या थोबाडीत मारली. तिचं नाव आजही रोज आठवतं. म्हणून मला विचारायचंय, या मुलांनी 'मारणार नाही' अशी शपथ घेतलेली होती. मग वॉर्डात अंगावर कुणी आलं तर ती काय करायची?

सुभेदाराची_नात

@रात्रपाळी ताई, दंडवत. हे लिहायला धाडस लागतं.

मनोमन

ताई, तुमचा प्रश्नच या सगळ्याचा गाभा आहे. रणांगणावर न मारणं हा एकदाच घेतलेला निर्णय असतो. वॉर्डात तो रोज, दर तासाला घ्यावा लागायचा.

या मुलांनी लिहून ठेवलेल्या आठवणींत वाचलंय ते असं. जुन्या परिचरांकडे झाडूचा दांडका, रबरी नळी असायची, यांनी ती घ्यायला नकार दिला. एकट्याने जायचं नाही, दोघांनी जायचं. आधी बोलायचं, हळू, नावाने हाक मारून. पकडावंच लागलं तर इजा होणार नाही असं धरायचं. आणि काही जणांचा हात उठलाही. त्यांनी ते कबूल केलंय. एवढ्या निष्ठेने लष्कराला नाही म्हटलेल्या पोराने वॉर्डात रुग्णाला मारावं, याचं ओझं त्यांनी जन्मभर वागवलं.

आपल्याकडे २०१७ च्या कायद्याने रुग्णाला साखळदंडाने बांधायला बंदी आली आणि भूल न देता विजेचे झटके द्यायलाही. पण २००१ च्या ऑगस्टात तमिळनाडूत एरवाडीला साखळीने बांधलेली २८ माणसं आगीत जळून गेली, त्यानंतर सोळा वर्षांनी.

गव्हाळ

@रात्रपाळी ताई, शीर्षक बदललं. चूक दाखवलीत त्याबद्दल आभारी आहे.

तुमचा प्रतिसाद काल संध्याकाळी आजींना इंग्रजीत करून सांगितला. पदराला बांधलेल्या किल्ल्या म्हणजे काय हे समजावताना बायकोने ओढणीचं टोक घेऊन करून दाखवलं. आजींनी ते हातात घेतलं, गाठ दाबून पाहिली.

मग त्यांनी तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. बाबांचा हातही एकदा उठला होता. रात्रीची पाळी, एका रुग्णाने मागून गळा धरला. बाबांनी कोपर मारून त्याला पाडलं आणि पडल्यावरही एकदा मारलं. पहिला कोपर जीव वाचवायला होता, दुसरा फटका रागाचा होता, असं ते म्हणायचे. तो माणूस आधी फक्त यांच्याकडूनच दाढी करून घ्यायचा. त्यानंतर त्याने यांना कधी जवळ येऊ दिलं नाही. बाबा तिथून सुटेपर्यंत, दीड वर्ष. रोज विचारायचे, तो रोज मान फिरवायचा.

आणि एक राहिलं. आजींच्या आईसुद्धा त्याच इस्पितळात बायकांच्या वॉर्डात कामाला होत्या. नवऱ्याला पगार नाही, पदरात तान्ही मुलगी, म्हणजे या आजीच. अशा बऱ्याच बायका होत्या. त्यांना कुणी सक्ती केली नव्हती. धाग्यात आतापर्यंत आपण सगळे 'मुलं, मुलं' म्हणत होतो, मीही.

टिचकी

हे शेवटचं फार महत्त्वाचं. योजनेच्या आकड्यांत त्या बायका मोजलेल्याच नाहीत ना? बारा हजार म्हणजे फक्त पुरुष.

गव्हाळ

हो, फक्त पुरुष.

शिसपेन्सिल

पवनारकरांचा प्रश्न अधांतरी राहिलाय: ठरवलंच नव्हतं तर बदललं कसं? मला वाटतं उत्तर गव्हाळ यांच्या गावातच आहे.

क्वेकरांनी फोटो काढले, मासिक काढलं, वॉशिंग्टनचे दरवाजे ठोठावले. मेनोनाइट तुकड्यांचा कल तसा नव्हता. पण घरी परतल्यावर ही पोरं आपापल्या चर्चमध्ये बोलायला लागली, की आपल्याच समाजातली आजारी माणसं आपण कुठे पाठवतो ते जरा बघा. मग चर्चने स्वतःची मनोरुग्णालयं काढायचं ठरवलं. मेरीलँडमध्ये ब्रुक लेन १९४९ ला, कॅलिफोर्नियात किंग्ज व्ह्यू १९५१ ला, आणि न्यूटनमध्ये प्रेअरी व्ह्यू १९५४ ला. पुढे इंडियानात ओकलॉन. लहान, घरासारखी, रुग्णाला त्याच्या गावाजवळ ठेवणारी. कोरियाच्या युद्धात पुन्हा भरती आली तेव्हा नकार देणाऱ्यांतले अनेक जण पुन्हा मनोरुग्णालयांतच कामाला गेले, या वेळी पगारावर.

म्हणजे एकाने आरडाओरडा केला म्हणून कायदा हलला, दुसऱ्याने न बोलता दुसरं इस्पितळ बांधून दाखवलं. दोन्ही लागलं. मला विचाराल तर दुसरं जास्त अवघड.

पवनारकर

हे मला माहीत नव्हतं. 'अर्धा नकार' हा शब्द मागे घेतो. विनोबाही तुरुंगातून सुटल्यावर पुढे तेरा वर्षं पायीच फिरले, जमिनी मागत. नकारानंतरचं काम बघायला हवं होतं, ते मी बघितलं नाही.

मनोमन

@शिसपेन्सिल, दुसरं जास्त अवघड याबद्दल शंका आहे. चर्चची इस्पितळं मूठभर लोकांना पुरली. सरकारी वॉर्डांतली लाखो माणसं कायद्याने, औषधाने आणि पैशाने सुटली, आणि तीही अर्धवट. बरेच जण पुढे रस्त्यावर आणि तुरुंगात गेले. चार्ली लॉर्डचे फोटो नसते तर पैसाच आला नसता. ओरडणाऱ्यांना कमी लेखू नका.

सुभेदाराची_नात

माझं मूळ मत बदललेलं नाही. हिटलरला बंदुकीनेच थांबवावं लागलं. पण एक सांगते.

आजोबांच्या पलटणीतला एक जण इटलीहून परतला तो बोलेनासा झाला. गावात त्याला गोठ्यात ठेवायचे. नंतर कुठल्यातरी सरकारी मनोरुग्णालयात नेलं आणि तो परत आला नाही. आजोबा दर दिवाळीला त्याच्या घरी फराळाचा डबा द्यायचे आणि 'भेटून यायला हवं होतं' म्हणायचे. कधी गेले नाहीत. कसे जाणार, भीती वाटायची. तिथे त्याच्या वॉर्डात कुणीतरी मावशींसारखं असेल, एवढीच आशा.

रात्रपाळी

@सुभेदाराची_नात, असे जुने फौजी आमच्याकडच्या पुरुष वॉर्डात होते असं मला ज्येष्ठ मामा सांगायचे. एक जण रोज सकाळी सहाला खाटेजवळ ताठ उभा राहायचा म्हणे. मामा त्याला 'आराम से' म्हणायचे, मगच तो बसायचा. मामा रजेवर असले की दुसऱ्या पाळीच्या माणसाला ते सांगून जायचे. तुमच्या गावचाच होता असं मी म्हणत नाही.

गव्हाळदादा, आजींना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या वडिलांनी दीड वर्ष रोज विचारलं ना, मी तिसऱ्या दिवशीच विचारणं सोडलं होतं. त्या बाईची बदली दुसऱ्या वॉर्डात झाली आणि मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

गव्हाळ

ताई, नमस्कार पोचवला. त्यांनी तुमच्यासाठी विचारलंय, तुमच्या मावशी पदराला गाठ नेमकी कशी मारायच्या? ओढणीची गाठ सुटते म्हणतात. त्यांनी घराची किल्ली बांधून पाहिली, दोनदा अंगणात पडली.

रात्रपाळी

ओढणीला नाही जमायचं, सुळसुळीत असते. सुती लुगडं हवं. टोक आधी पिळायचं, मग किल्लीच्या कडीतून ओवून त्याच टोकाची गाठ, आणि वरून परत एक. उद्या सुनेकडून फोटो काढून व्यक्तिगत निरोपात पाठवते. आईचं एक नऊवारी आहे ट्रंकेत, तेच काढते.